तांबडी की निळी: कुवेतमधला माझा बर्फाचा धंदा

सांगलीला परत आल्यापासून माझी एक पंचाईत होते. लग्नकार्यात कुणीतरी विचारतं, "कुवेतला होता म्हणजे तेलात का?" मी म्हणतो, "नाही, बर्फात." समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग सुमनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. ती बिचारी मान हलवून सांगते, "खरं बोलतायत ते." तरीही त्या माणसाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसतं की याला तिकडचं ऊन लागलेलं आहे.

पण ते खरंच आहे. सालमियातल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी सतरा वर्षं स्की दुरुस्त केल्या. स्की म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधायच्या त्या लांब पट्ट्या. कुवेतमध्ये डोंगर नाही आणि बर्फ तर पेल्याबाहेर दिसत नाही. पण लोकांकडे हिवाळ्याची सुट्टी होती आणि विमानाचं तिकीट होतं. कुणी लेबनॉनला जायचे, कुणी ऑस्ट्रियाला, कुणी स्वित्झर्लंडला, आणि जाण्याआधी सगळे आमच्या दुकानात यायचे. पोहण्याचे चष्मे आणि क्रिकेटच्या बॅटी यांच्या मधोमध आमचा हिमालय होता. नवा माल सप्टेंबरात लागायचा. तेव्हा बाहेर बेचाळीस अंश असायचे, म्हणून मालक दुकानाचा एसी सोळावर ठेवायचे. गिऱ्हाइकानं जाकीट अंगावर चढवलं की ते काढावंसं वाटू नये, एवढाच उद्देश. मी मात्र वर्षाचे बारा महिने सर्दीनं हैराण असायचो.

मालकांचं नाव अबू खालिद. म्हणजे खालिदचे वडील. तिकडे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, लहानपणी चार-पाच वर्षं ते स्वतः मुंबईत राहिले होते, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. त्र्याण्णव साली मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझी आधीची गॅरेजमधली नोकरी गेली होती आणि दुसरी मिळाली नसती तर घरची वाट धरावी लागणार होती. मी आयटीआयचा टूल ग्राइंडर. धार लावणं हाच माझा धर्म. त्यांनी एक स्की माझ्या हातात दिली आणि कडेची पोलादी पट्टी दाखवली. मी अंगठा फिरवून म्हटलं, "बोथट आहे, आणि डावीकडे जास्त आहे." ते खूश झाले. मग विचारलं, "बर्फ देखा है?"

"बहुत," मी म्हटलं.

पाहिला होता ना. रसवंतीगृहात भुशात गुंडाळलेल्या लाद्या पाहिल्या होत्या. पोटासाठी माणूस याहून मोठं खोटं बोलतो. पण अबू खालिदना ते 'बहुत' फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायला लागले, "ये अपना उस्ताद. हिमालय का आदमी." आमच्याकडे हिमालय म्हणजे मिरजेपलीकडचा दंडोबाचा डोंगर. तोही मी शाळेच्या सहलीत एकदाच चढलो होतो आणि उतरताना रडलो होतो.

दुकानात एक लेबनानी कारागीर होता. त्यानं मला दोन महिने हात शिकवला आणि तो कॅनडाला निघून गेला. मग मीच. काम काय असतं ते साध्या शब्दांत सांगतो. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. ती बर्फात रुतते म्हणून वळता येतं. ती कानशीनं कोनात घासायची. तळाला मेण लावायचं, इस्त्रीनं वितळवून पसरायचं आणि गार झालं की खरवडायचं. दगड लागून तळाला ओरखडा पडला असेल तर प्लास्टिकची एक कांडी पेटवून तिचे थेंब त्यात भरायचे. सालमियाच्या आमच्या इमारतीतल्या बायका मला विळ्या आणि सुऱ्या आणून द्यायच्या. विळी आणि स्की यांत मला कधी फार फरक वाटला नाही. विळीवर बसणारी बाई निदान आपण पट्टीची स्वयंपाकीण आहोत असं उगीच सांगत नाही.

कारण या धंद्यातली खरी अडचण तीच होती. स्कीवर एक चाप असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. बूट त्यात अडकतो. माणूस पडला की चाप सुटायला हवा, नाहीतर ती पाच-सहा फुटांची पट्टी पायाला लिव्हर लावल्यासारखी पिळते आणि हाड मोडतं. चाप किती घट्ट ठेवायचा ते एका लहान खिडकीतल्या आकड्यावर दिसतं. आकडा लहान तर चाप चटकन सुटणार, मोठा तर सहजी सुटणार नाही. हा आकडा ठरवायला एक तक्ता असतो. त्यात वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि माणूस किती तरबेज आहे ते बघायचं. आता सांगा, चारचौघांत वजन, वय आणि आपली लायकी या तीन गोष्टी खऱ्या सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी सतरा वर्षांत पाहिला नाही. वजन दहा किलो कमी सांगायचे आणि कसब दोन पायऱ्या वर. गंमत अशी की वजन कमी सांगितलं की आकडा खाली येतो आणि कसब जास्त सांगितलं की वर जातो. दोन खोट्यांची वजाबाकी होऊन आकडा बऱ्याचदा बरोबर यायचा. देव आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

घात झाला तो एकच खोटं बोलणाऱ्या माणसामुळे.

जोगळेकर साहेब पुण्याचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. सत्त्याण्णव साली ते सपत्नीक स्वित्झर्लंडला निघाले होते. दुकानात मराठी माणूस पाहून त्यांना भरून आलं. वजन त्यांनी अगदी खरं सांगितलं, चौऱ्याऐंशी. इंजिनियर माणूस, मोजलेली गोष्ट चुकीची सांगणार नाही. मग मी विचारलं, "येतं कितपत?"

"इंटरमीडिएट लिहा हो माने. नाही, ॲडव्हान्स्डच लिहा. मनालीला केलंय आम्ही."

जोगळेकर बाई मोजे बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मनालीला तुम्ही चहाच्या टपरीवर बसला होतात. केलं ते आमच्या भाच्यानं."

"अगं, ते दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी केलं नव्हतं का?"

मी हसलो. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. साहेबांनी सांगितलं ते लिहिलं, तक्ता पाहिला आणि आकडा लावला साडेसात.

तीन आठवड्यांनी जोगळेकर साहेब कुबड्यांवर आले. नडगीचं हाड मोडलं होतं. म्हणाले, "एका इटालियनानं मागून येऊन धडक दिली हो. त्या लोकांना शिस्तच नाही." मी स्की उलटी केली. धडकेची खूण कुठेच नव्हती. फक्त आतल्या बाजूची धार पुढून झिजली होती. पायांची टोकं जवळ आणून टाचा फाकवत, ब्रेक लावत उतरणाऱ्या नवशिक्याच्या स्की तशा झिजतात. आम्ही त्याला नांगर म्हणायचो. साहेब दोन-तीन दिवस नांगर चालवून हळूच कुठेतरी पडले होते आणि चाप सुटला नव्हता. बाई काउंटरपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माने, हे पडले तेव्हा ती पट्टी सुटायला हवी होती ना?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

  जोगळेकर साहेबांनी मला कधी दोष दिला नाही, दर दिवाळीला पुण्याहून त्यांचं कार्ड येतं, पण जिना चढताना ते अजून कठडा धरतात हे मला ठाऊक आहे. मी आकडा विचारला आणि माणसाकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, तोंडावर विश्वास ठेवायचा नाही. जुनं गिऱ्हाईक असेल तर त्याची स्की बघायची आणि नवं असेल तर तो बूट कसा चढवतो ते बघायचं. जाणकार सगळे बक्कल सैल करून बसतो. नवखा चप्पल घालावी तसा पाय खुपसतो आणि मग बूट लहान आहे म्हणून आपल्याला झापतो. अशांना मी सांगायचो, "साहेब, तक्ता हाच आकडा दाखवतोय, मी काय करू?" तक्त्याशी कुणी भांडत नाही.

एकच माणूस असा होता ज्याला हे सांगायची सोय नव्हती. अबू खालिद.

दर वर्षी मोसमाची सुरुवात मालकांच्या स्कीनं व्हायची. दुकानात गर्दी असताना ते आपली जोडी खांद्यावर घेऊन यायचे, तीही अगदी ऐटीत आणि बरोबर धरून, आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "उस्ताद! साढ़े आठ!" साडेआठ म्हणजे कसलेल्या माणसाचा आकडा. सुट्टीवरून आले की म्हणायचे, "देख ले, इस बार बिल्कुल घिस गया." मी स्की आत नेऊन उलटी करायचो. तळावर माझंच मेण असायचं, माझ्याच ब्रशच्या रेघांसकट. धारेवर माझ्याच कानशीच्या खुणा. ती जोडी विमानानं जायची, हॉटेलच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहायची आणि परत यायची. मी धुतलेले कपडे पुन्हा धुवायचो. आणि रुमैथियाच्या त्यांच्या घरी जी दिवाणिया भरायची, म्हणजे पुरुषांची संध्याकाळची बैठक, तिच्यात ते काळ्या, म्हणजे सगळ्यांत अवघड उतारावरून कसे उतरले याच्या कथा रंगायच्या. कॉफी द्यायला माणूस कमी पडला की मलाही बोलावायचे, आणि कथेच्या मध्येच माझ्याकडे वळून विचारायचे, "क्यों उस्ताद, ऐसे बर्फ पे घुटना झुकाना पड़ता है ना?" मी म्हणायचो, "झुकाना ही पड़ता है."

हे सगळं मी फक्त सुमनला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग सांगून टाका की तोंडावर, तुमची लबाडी कळलीय म्हणून."

"आणि माझी?"

 माझा इक़ामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, अबू खालिदच्या नावावर होता. त्यांची मर्जी फिरली की मी, सुमन आणि शाळेत जाणारी आमची मुलगी, तिघं पहिल्या विमानानं घरी. शेवटी सुमन म्हणाली, "बोलू नका. पण त्यांचा पाय मोडू देऊ नका. एक मोडलात तेवढा पुरे."

जोगळेकर कुबड्यांवर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालकांची स्की मांडणीवरून काढली आणि आकडा साडेआठवरून पाचावर आणला. त्यांचं खरं वजन, खरं वय आणि खरं कसब धरलं की पाचच येत होता. एखाद्या वर्षी चुकून उतारावर गेलेच तर निदान चाप सुटेल. पुढची सात वर्षं ते 'साढ़े आठ' ओरडत राहिले आणि मी 'साढ़े आठ' म्हणून पाच लावत राहिलो.

दोन हजार चार साली तांबडीचं आणि निळीचं प्रकरण उद्भवलं. तोवर बाजारात 'ऑल माउंटन' नावाची स्की आली होती. आधी कडक दाबलेल्या बर्फासाठी अरुंद स्की आणि भुसभुशीत खोल बर्फासाठी रुंद स्की अशी वाटणी होती. ही मधली. सगळ्या डोंगराला चालेल अशी. दोन कंपन्यांच्या दोन जोड्या आल्या, एक तांबडी आणि एक निळी, आणि त्या मोसमात भरपूर मागवायची ती यांतली कुठली, असा प्रश्न होता. तांबडीच्या एजंटानं मालकांना मोठ्या हॉटेलात जेवण दिलं होतं, त्यामुळे मालकांना तांबडी जास्त आवडत होती.

मी माझ्या पद्धतीनं तपास केला. दोन स्टुलांवर स्की आडवी ठेवली, मध्ये बासमतीचं वीस किलोचं पोतं ठेवलं आणि खाली फूटपट्टी धरली. तांबडी दोन बोटं वाकली, निळी चार. तांबडीच्या पोटात धातूचा पत्रा होता. ती जड होती, कडक होती, वेगात कडक बर्फावर थरथरणार नव्हती, पण तिला वळवायला जोर आणि हिंमत हवी होती. निळी लाकडाची, टोकाला मऊ. वेगात फडफडली असती, पण हळू जाणाऱ्याचं ऐकलं असतं. माझ्याकडे एक वहीही होती. तिच्यात मी परत आलेल्या गिऱ्हाइकांची मतं लिहायचो. तिचा काही उपयोग नव्हता. प्रत्येक पानावर एकच शब्द, मुमताज. अरबीत म्हणजे उत्तम. कुणी पडलेलंच नव्हतं. पण त्यांच्या स्की मी पाहत होतो, आणि शंभरातले नव्वद जण नांगर चालवत होते. मी मालकांना म्हटलं, "अपने लोगों को नीली चाहिए."

"लाल में ताक़त है."

"ताक़त स्की में है. पैर में भी होनी चाहिए."

हे मी दिवाणियात बोललो, हे माझं चुकलं. दहा-बारा लोक बसले होते. त्यांतला एक जण म्हणाला, इथे वाळूत बसून काय ठरवताय, डोंगरावर जाऊन दोन्ही चालवून बघा. अबू खालिदना माघार घेणं माहीत नव्हतं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बिल्कुल. मैं और मेरा हिमालयवाला, दोनों जाएँगे. दोनों पहाड़ पे फ़ैसला करेंगे." सगळ्यांनी वाहवा केली. मी कॉफीची सुरई घेऊन उभा होतो. हातातून ती पडली नाही, एवढंच त्या दिवशी माझं कर्तृत्व.

लेबनॉनच्या विमानात आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पेपरच्या आडून मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. बैरूतपासून तासाभराच्या रस्त्यावर गाडी डोंगर चढायला लागली, आणि एका वळणानंतर सगळं पांढरं झालं.

मला वाटलं होतं बर्फ म्हणजे लादी. टणक, निळसर, भुसा लागलेली. गाडीतून उतरून मी हातमोजा काढला आणि मूठभर उचलला. तो खवलेल्या नारळासारखा होता. भुरभुरीत आणि हलका. अकरा वर्षं मी या वस्तूसाठी धारा लावत होतो, मेण निवडत होतो, लोकांना सल्ले देत होतो, आणि ती कशी असते ते मला आत्ता कळत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अबू खालिदनी पाहिलं आणि मायेनं विचारलं, "घर याद आया?"

"जी," मी म्हटलं. सांगलीची खरंच आठवण येत होती.

पहिल्या दिवशी मालक म्हणाले, उंचीची सवय व्हायला हवी, आज नको. मी म्हटलं, शहाणपणाचं आहे. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, वारा आहे, वाऱ्यात स्कीची खरी परीक्षा होत नाही. मालक म्हणाले, "सही बोला, उस्ताद." आम्ही दोघांनी खिडकीत बसून मसुरीचं गरम सूप प्यायलं आणि उतरणाऱ्या लोकांच्या चुका काढल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, वारा पडला आणि कारणं संपली. संध्याकाळी परतीचं विमान होतं.

बूट घालून, स्की खांद्यावर घेऊन आम्ही निघालो. पायथ्याशी रीमा नावाची विशीतली लेबनानी मुलगी शिकवणी घेत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी नवशिका कोण?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.

रीमा हसली नाही. ती त्या धंद्यातली होती. तिनं आम्हाला दोघांनाही पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं केलं. दोरी धरून वीस पावलं वर जायचं आणि नांगर करत खाली यायचं. मालकांनी तांबडी घेतली, मी निळी. मी पहिल्याच खेपेला पडलो आणि मग मोजणं सोडून दिलं. एक चिमुरडी दर वेळी माझ्या बाजूनं जाताना थांबायची आणि काळजीनं बघायची.

अबू खालिद मात्र पडले नाहीत, कारण ते हललेच नाहीत. मग एकदाचे निघाले. तांबडी तिच्या स्वभावाप्रमाणे सरळ गेली. ते टोकं जवळ आणायला बघत होते, वाकत होते, तिच्याशी अरबीत काहीतरी बोलत होते, पण तिला त्या वेगात कुणाचं ऐकायची सवय नव्हती. समोर केशरी जाळी आली. त्यांनी अंग वळवलं, पाय मागे राहिला, गुडघा आत पिळला गेलेला मला वरून दिसला. त्या क्षणी मला जोगळेकर बाईंचा चेहरा दिसला. मग खट् असा आवाज आला, स्की सुटून बाजूला पडली आणि मालक बर्फात बसले. पाय शाबूत होता.

मी बसत-घसरत त्यांच्यापर्यंत पोचलो. रीमा आधीच आली होती. तिनं गुडघा चाचपला आणि म्हणाली, "नशीब, चाप बरोबर लावलेला आहे. घट्ट असता तर आज दवाखाना होता." आणि ती मुलांकडे गेली.

अबू खालिदनी सुटलेली स्की मांडीवर ओढली. ते वाकून त्या लहानशा खिडकीकडे बघत होते. 

"ये पाँच है," ते म्हणाले.

"जी."

"मैंने साढ़े आठ बोला था."

"जी."

"मेरी घर वाली जोड़ी पे भी?"

"जी."

"कितने साल से?"

"सात साल."

त्यांनी टोपी काढली. आता माझी नोकरी गेली, हे मला दिसत होतं. सुमनला काय सांगायचं, मुलीची शाळा अर्ध्यात कशी सोडवायची, सगळं त्या एका मिनिटात डोक्यातून गेलं. घाबरून मी खरं बोललो. "अबू खालिद, स्की पे सब दिखता है. मेरा ही मोम वापस आता था. मैंने किसी को नहीं बोला."

 ते माझ्या अंगावरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "और तुम? हिमालय?"

"सांगली," मी म्हटलं. "नदी है, हल्दी है. बर्फ परसों पहली बार देखा."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता ते आडवे झाले, मला मानेला धरून ओढलं आणि मीही आडवा झालो. ती चिमुरडी थांबली, आम्हा दोघांना बघितलं आणि रीमाला बोलवायला गेली.

मग आम्ही स्की बदलल्या. मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून निळीचे चाप त्यांच्या बुटाला जुळवले. त्यांनी विचारलं, "कितना लगाया?" मी म्हटलं, "पाँच." ते म्हणाले, "ठीक है." हे 'ठीक है' ऐकायला मला सात वर्षं लागली होती. निळीवर ते निघाले, हळू, पोट पुढे काढून. डाव्या पायावर जरा भार दिला आणि ती निळी वळली. थोडीशीच. पण वळली. "मुड़ गया!" ते ओरडले, "उस्ताद, मुड़ गया!" साठीला आलेला तो माणूस, तीन दुकानांचा मालक, मुलांच्या उतारावर दोन्ही हात वर करून उभा होता. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. मी तांबडीवर बसून जाळीपर्यंत गेलो आणि माझं मत पक्कं झालं.

निळीच मागवली. तांबडीच्या दोनच जोड्या घेतल्या, खरोखरच्या साडेआठवाल्यांसाठी. ती स्की वाईट नव्हती. ती फक्त खोटं बोलणाऱ्या माणसासाठी नव्हती. दिवाणियात मालकांनी आमच्या परीक्षेची कथा सांगितली. तीत उतार बराच वाढला होता आणि मुलं गळाली होती, पण तांबडीनं आपल्याला पाडलं हे त्यांनी भर बैठकीत कबूल केलं. लोक आ वासून ऐकत होते. अबू खालिद पडले ही त्या घरातली पहिलीच घटना होती. मग ते माझ्याकडे वळले. "क्यों उस्ताद?" मी म्हटलं, "दोनों गिरे." माझं हिमालयपण मात्र त्यांनी काढून घेतलं नाही. ते मी निवृत्त होईपर्यंत चाललं.

पुढच्या मोसमात दुकान भरलेलं असताना ते जोडी घेऊन आले. "उस्ताद! साढ़े आठ!"

"साढ़े आठ," मी मोठ्यानं म्हटलं आणि चाप फिरवला. ते बूट तपासायच्या निमित्तानं वाकले आणि खिडकीत बघितलं. साडेपाच होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आधा बढ़ाया?" ते पुटपुटले.

"आपने कमाया," मी म्हटलं.

महिन्याभरानं ते लेबनॉनहून परत आले. या वेळी 'घिस गया' वगैरे काही म्हणाले नाहीत. जोडी काउंटरवर उलटी ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. माझं मेण कुठेच नव्हतं. आतल्या धारा पुढून झिजल्या होत्या, छान नांगर चालला होता. आणि डाव्या स्कीच्या तळावर, मधोमध, दगडाचा एक लांब ओरखडा होता. मी सवयीनं प्लास्टिकची कांडी पेटवली आणि पहिला थेंब पाडायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"इसको रहने दे," ते म्हणाले.

मी कांडी फुंकून विझवली.